अर्ध्या तिकिटाचं बिल आणि नऊ महिन्यांचं संशोधन-प्रशिक्षण

गुण आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना खालपर्यंत यायला नको. मार्गदर्शक पाचपैकी पाच. वर्ग तीन. जेवण चार. पैशांचा व्यवहार एक, तोही मी आज बऱ्या मूडमध्ये आहे म्हणून.

आता कसलं प्रशिक्षण ते. एचआयव्हीचा प्रतिबंध आणि उपचार या विषयांत संशोधन करू पाहणारे, पण ज्या घरांतून नि ज्या गावांतून संशोधक सहसा निघत नाहीत तिथले लोक, यांच्यासाठी हा कार्यक्रम होता. आदिवासी, दलित, भटके-विमुक्त, तृतीयपंथी, आणि स्वतः एचआयव्हीसह जगणारेही. नऊ महिने, दर शनिवारी दोन तास ऑनलाइन वर्ग, तीन निवासी कार्यशाळा (दोन पुण्याला, एक आमच्या नाशिकला), प्रत्येकाला एक मार्गदर्शक, आणि शेवटी ज्यांचा प्रस्ताव पसंत पडेल त्यांना काम सुरू करण्यापुरते पंचाहत्तर हजार रुपये. फी काही नाही. संस्थेचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि माझ्या ओळखीच्या दोघी पुढच्या तुकडीत अर्ज करणार आहेत.

मी पेठ तालुक्यातली, कोकणा या आदिवासी समाजातली. एमएसडब्ल्यू केलं, आणि गेली अकरा वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्राची, समुपदेशक आहे. कंत्राटी, हे सांगायला नकोच. राहायला म्हसरूळला. रोज दिंडोरी रोडने जाताना एसटीच्या खिडकीतून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिसतं. 1998 साली ते स्थापन झालं. अकरा वर्षांत मी त्याच्या गेटातून एकदाच आत गेले, तेही नणंदेच्या मुलीच्या कागदांसाठी. संशोधन हे त्या गेटाच्या आत होतं आणि आपण बाहेरून प्रश्नावल्या भरून द्यायच्या, असंच डोक्यात बसलेलं. प्रश्नावल्या मात्र ढिगानं भरल्यात. पुण्या-मुंबईचे लोक येतात, गठ्ठा देतात, 'ताई, जरा बघा ना' म्हणतात, आणि पुढे कधीतरी छापून आलेल्या अहवालात 'क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार' एवढी एक ओळ असते.

आमच्या लॅबवाल्या दादांनी अर्जाची लिंक पाठवली. अर्ज इंग्रजीत, दहा पानी. त्यात 'तुमच्या संशोधन-प्रवासाबद्दल पाचशे शब्द लिहा' असं होतं. माझा प्रवास म्हसरूळ ते रुग्णालय, एसटीने. तेच लिहिलं. मुलाखतीला पडद्यावर तिघं होते. त्यातल्या एका सरांनी विचारलं, "तुमच्या समाजात एचआयव्हीबद्दल उघड बोलत नसतील ना?" मी म्हटलं, "सर, तुमच्या सोसायटीत बोलतात का?" फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, संपलं, आता घेत नाहीत. घेतलं.

पहिला शनिवार मात्र मी विसरणार नाही. मद्रासची 1986 सालची हकिगत होती. डॉ. सुनीती सोलोमन यांनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, प्रबंधासाठी विषय सुचवला की एचआयव्ही भारतात आलाय का ते तपासायचं. तेव्हा सगळे म्हणत होते की हा परदेशातला आजार, आपल्याकडे कुठला. निर्मला बत्तीस वर्षांच्या, जुन्या वळणाच्या घरातल्या. वेश्याव्यवसायातल्या बायकांना ठेवलेल्या सुधारगृहात जाऊन त्यांनी रक्ताचे नमुने गोळा केले, हातमोज्यांशिवाय. नमुने ठेवायला जागा नाही म्हणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. मद्रासला तपासणीची सोय नव्हती, तर रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला नेले. तपासणीत सहा नमुने पिवळे झाले, म्हणजे लागण निघाली, आणि देशाला कळलं. यातलं माझ्या वहीत दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य वेगळंच आहे. नवरा त्यांना स्कूटरवरून सोडायला जायचा, कारण बसभाडं वाचवायचं होतं.

सोलोमन यांचं काम मोठं, त्यात वादच नाही. 1993 साली त्यांनी वायआरजी केअर ही एचआयव्हीवर काम करणारी संस्था उभी केली, 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. निर्मला मात्र प्रबंध झाल्यावर लसनिर्मितीच्या कामाकडे वळल्या. वर्गात कुणीतरी विचारलं, त्या या विषयात का नाही राहिल्या? शिकवणारे सर म्हणाले, "तेव्हा असा काही कार्यक्रम नव्हता." उत्तर जरा जाहिरातीसारखं वाटलं, पण प्रश्न घरी आल्यावरही डोक्यात फिरत राहिला.

दुसरा चांगला तास एचपीटीएन 052 या चाचणीवरचा. एचपीटीएन म्हणजे एचआयव्ही प्रतिबंधाच्या चाचण्या घेणारं आंतरराष्ट्रीय जाळं. नऊ देशांतली 1,763 जोडपी, दोघांपैकी एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही. लागण असलेल्याला एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, लवकर सुरू केली तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी होते, हे 2011 साली त्यातून दिसलं. पुणे आणि चेन्नई ही त्यातली आपली केंद्रं. पुण्याचं म्हणजे भोसरीच्या तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचं. मी दिवसातून पाच वेळा समोरच्या बाईला सांगते, "गोळी चुकवू नका, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) दबलेला राहिला की घरच्या माणसाला धोका नाही." त्या वाक्याच्या मुळाशी काय आहे ते मला अकरा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये वाक्य दिलं होतं, पाठ करायला. आणि तास ऐकताना कळलं, की शेकडो जोडप्यांना वर्षानुवर्षं तारखेला परत बोलावणं, त्यांच्यातलं भांडण निस्तरणं, सासूला काय सांगायचं ते ठरवून देणं, हे सगळं त्या 96 च्या आत आहे. हे काम कोण करतं ते मला माहीत आहे.

बाकीचे वर्ग पटकन सांगते. सांख्यिकीचे चार शनिवार वाया. सर हुशार, पण एका तासात साठ स्लाइड आणि इंग्रजी असं की जणू मागे कुत्रं लागलंय. आमच्या तुकडीतली नागपूरची तृतीयपंथी ताई, जिचं हिंदी-मराठी ऐकत बसावं असं, ती या तासांना कॅमेरा बंद करून भाजी चिरायची. मराठीत एक उजळणीचा तास घ्या म्हणून आम्ही सात जणांनी पत्र दिलं. उत्तर आलं, 'विज्ञानाची भाषा इंग्रजी आहे.' मग साताऱ्याच्या एका दादाने रविवारी रात्री स्वतःच फोनवर उजळणी सुरू केली. पी-व्हॅल्यू (दिसलेला फरक खरा की योगायोग, ते ताडायचा आकडा) मला त्याच्याकडून कळली, कोंबड्यांच्या उदाहरणावरून. हे श्रेय संस्थेला देऊ नये.

अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय संशोधिकेचा रात्री साडेआठचा तासही चांगला झाला. तिकडे लोकसंख्येत कृष्णवर्णीय 12-13 टक्के, पण एचआयव्हीच्या नव्या निदानांत एक तृतीयांशाहून जास्त, आणि चाचण्या आखणारे बहुतेक गोरे. म्हणून एचपीटीएनने 2010 पासून स्कॉलर्स नावाचा उपक्रम चालवला. झालेल्या चाचण्यांची माहिती वापरू द्यायची, अनुभवी मार्गदर्शक द्यायचा, आणि वेळेचे पैसे द्यायचे. वेळेचे पैसे! म्हणजे तुम्ही विचार करत बसलात, त्याचे. मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग मी किती कमावले असते." पण त्या बाई पुढे असंही म्हणाल्या, की 2025 मध्ये त्यांच्या सरकारने विविधतेशी जोडलेली बरीच संशोधन-अनुदानं मधेच बंद केली. 'लायकीवर आले नाहीत' हे त्यांनाही ऐकवतात. भाषांतर करायची गरजच पडली नाही, आमच्या पडद्यावर सगळ्या माना एकदम हलल्या.

आता माझ्या मॅडमविषयी. यांच्यासाठी मी हा सगळा खटाटोप पुन्हा करीन. पुण्याच्या, साठीच्या आसपासच्या, स्वतः पहिल्या पिढीतल्या शिकलेल्या. पहिल्याच फोनला म्हणाल्या, "अगं, मला प्रपोजल नको पाठवूस. तुला रात्री झोप कशामुळे लागत नाही ते सांग."

मी सांगितलं. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याचे लोक दिवाळीच्या आगेमागे टोळ्या करून द्राक्षबागांत उतरतात. दिंडोरी, पिंपळगाव, निफाड. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), मग काढणी. त्यात काहीजण एआरटीवर असतात. हंगामात ते तारखेला येत नाहीत, गोळ्या संपतात, व्हाइट कार्डावर, म्हणजे उपचारांच्या नोंदीच्या कार्डावर, 'मिस्ड' पडतं, आणि आम्ही फोन लावत बसतो. सरकारी कागदात कारण असतं 'स्थलांतर'. ठीक आहे, पण बाग एआरटी केंद्रापासून पंचवीस किलोमीटरवर आहे, काही गुजरातेत नाही.

मी मोठ्या उत्साहानं दोनशे लोकांचा सर्व्हे लिहून पाठवला. कागद परत आला तो लालभडक. वर एकच वाक्य: "दोनशे जणांना तू एकटी भेटणार? जानेवारीत? बागेत? मुकादमासमोर?" मग अठरा जणांच्या सविस्तर मुलाखती ठरल्या. प्रस्ताव एकूण अकरा वेळा लिहिला. प्रत्येक वेळी लाल. सातव्या खेपेला मी चिडून म्हटलं, "मॅडम, तुम्हाला यातलं काहीच पटत नाही का?" त्या म्हणाल्या, "पटत नसतं तर मी वाचलंच नसतं गं. माझं कुणी वाचलं नाही, म्हणून मला बारा वर्षं जास्त लागली."

आणि नवव्या खेपेला त्यांनी एक प्रश्न विचारला. "तुझी आई टोळीत जायची म्हणालीस. एका दिवसाची सुट्टी तिनं कशी काढली असती?" मी लिहायला बसले आणि हात थांबला. आईनं सुट्टी कधी काढलीच नव्हती. काढता येतच नाही. टोळी एकराच्या उक्त्यावर असते. एक माणूस कमी झालं तर पैसे त्याचे एकट्याचे जात नाहीत, काम सगळ्यांच्या अंगावर पडतं. मग सगळे विचारतात, कुठं चाललीस? दवाखान्यात? काय झालंय? दर महिन्याला काय होतं तुला? म्हणजे अडचण पंचवीस किलोमीटरची नाही आणि एका दिवसाच्या मजुरीचीही नाही. अडचण आहे चौदा माणसांना द्यायच्या उत्तराची. गोळ्यांची बाटली खुळखुळते म्हणून ती कापसानं भरतात किंवा गोळ्या फडक्यात बांधून नेतात, हे मला कामामुळे माहीत होतं. पत्र्याच्या एका शेडमध्ये सगळे झोपतात, हे लहानपणापासून माहीत होतं. दोन्ही एकाच डोक्यात होतं आणि अकरा वर्षं एकमेकांना भेटलं नव्हतं. आता माझ्या प्रस्तावाचा पहिला प्रश्न तोच आहे: हंगामाच्या आधी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, तर टोळीतल्या माणसाला किती वेळा खोटं बोलावं लागतं? (कुणा एकाची हकिगत इथं सांगत नाहीये. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, आणि तो नसता तरी सांगितली नसती.)

संमतिपत्राच्या वेळीही मॅडमच कामी आल्या. संस्थेने एजन्सीकडून मराठी करून दिलेला नमुना असा होता: 'सहभागीस अभ्यासातून कोणत्याही टप्प्यावर स्वेच्छेने निवृत्त होण्याचा अधिकार अबाधित राहील.' बागेतल्या बाईला हे वाचून दाखवलं तर ती आधी अंगठा देईल आणि मग घाबरेल. आम्ही लिहिलं, 'मधेच नको वाटलं तर नको म्हणा. तुमच्या गोळ्या बंद होणार नाहीत, आणि मला रागही येणार नाही.' शेवटचे चार शब्द एथिक्स कमिटीने, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीने, काढायला लावले. मला अजून वाटतं ते हवे होते.

एथिक्सवरून आठवलं, कार्यक्रमातली सगळ्यात मोठी चूक इथेच आहे. संस्थेचा शिक्का नसलेल्या माणसाचा अर्ज एथिक्स कमिट्या सहसा घेत नाहीत. कंत्राटी समुपदेशकाला कुठली संस्था? शिवाय रुग्णांशी संबंध असलेल्या कामाला राज्य एड्स नियंत्रण संस्थेचीही परवानगी लागते. हे आम्हाला पाचव्या महिन्यात सांगण्यात आलं. पाचव्या! आमच्यासारख्यांसाठीच कार्यक्रम काढलाय, तर आमच्याकडे काय नसतं याची यादी पहिल्या दिवशी तयार हवी ना. मॅडमनी ओळखीच्या एका प्राध्यापिकेला सह-संशोधक व्हायला राजी केलं, म्हणून निभावलं. तुकडीतल्या तिघांचं तिथेच थांबलं. त्यातला एक स्वतः एआरटीवर आहे, आणि त्याचा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला होता.

नाशिकच्या कार्यशाळेचं सांगते. मुंबई-आग्रा हायवेवरचं हॉटेल, एसी इतका की साडीवर स्वेटर. नाश्त्याला मिसळ होती, पुणेरी पद्धतीची, पोहे घातलेली. नाशकात येऊन! मी वाढप्याकडे बघितलं, त्यानं मान खाली घातली. दुपारचं जेवण मात्र उत्तम, मटणाचा काळा रस्सा घरच्यासारखा, म्हणून चार गुण.

आदल्या दिवशी मेसेज आला होता, 'उद्या फोटो आहेत, शक्य असल्यास पारंपरिक वेशात यावे.' मेसेज फक्त आम्हा तिघा आदिवासींना आला होता, हे रात्री कळलं. मी नेहमीचा पंजाबी ड्रेस आणि गळ्यात रुग्णालयाचं ओळखपत्र अडकवून गेले. माझा पारंपरिक वेश तोच आहे, अकरा वर्षांचा. तरीही फोटोत मला पहिल्या रांगेतच बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहल होती, वायनरीला. मी म्हटलं, द्राक्षं बघायची असतील तर पहाटे सहाला चला, टोळीचे टेम्पो येतात तेव्हा. आयोजक हसले. त्यांना वाटलं विनोद. अर्धी तुकडी वायनरीला गेली, अर्धी माझ्याबरोबर रिक्षा करून पंचवटीत काळाराम मंदिराकडे. साताऱ्याच्या दादाला तो दरवाजा बघायचा होता, जिथं 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू झाला. आत जायचं का, असं कुणी विचारलं नाही. बाहेर उभं राहून बराच वेळ बघितलं आणि मग उसाचा रस प्यायलो.

संध्याकाळच्या सत्रात लेनाकॅपाविरवर चर्चा झाली. सहा महिन्यांतून एकदा घ्यायची प्रतिबंधक सुई. 2024 साली दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ती घेतलेल्या 2,134 मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. हैदराबादच्या दोन कंपन्या वर्षाला 40 डॉलरमध्ये तिची जेनेरिक आवृत्ती काढणार, हे 2025 च्या सप्टेंबरात जाहीर झालंय. सगळे टाळ्या वाजवत होते. नागपूरच्या ताईने हात वर केला, "आमच्या डेऱ्यात (तृतीयपंथी एकत्र राहतात त्या घरात) ही सुई कोण टोचणार, त्याच्यावर कुणाचं प्रपोजल आहे का?" नव्हतं. आता तिचं आहे.

लेकरांचं काय करायचं, यावर आयोजकांनी काहीच विचार केला नव्हता. माझी मुलगी सहा वर्षांची. पुण्याच्या पहिल्या कार्यशाळेला तिला सासूबाईंकडे ठेवलं, दुसऱ्या वेळी त्यांचे गुडघे धरले म्हणून बरोबर नेलं. खोलीत 'अतिरिक्त व्यक्ती' म्हणून वेगळे पैसे लागले. ती तीन दिवस मागच्या बाकावर बसून प्रोजेक्टरच्या उजेडात सशाची सावली पाडत होती. सुट्टीचंही तेच. आमच्या वरिष्ठांनी विचारलं, हे ट्रेनिंग सरकारी आहे का? नाही म्हटल्यावर सगळ्या किरकोळ रजा त्यातच गेल्या. पत्र द्या म्हणून संस्थेला तीनदा कळवलं, पत्र आलं ते कार्यशाळा संपल्यावर.

आणि पैसे. जाहिरातीत लिहिलं होतं 'प्रवास व निवास खर्च संस्था करेल'. त्याचा अर्थ, आधी तुम्ही करा, मग बिलं पाठवा, मग आम्ही बघू. पहिल्या कार्यशाळेचे पैसे सत्त्याहत्तर दिवसांनी आले. तोवर नवऱ्याच्या स्कूल व्हॅनचा हप्ता एकदा चुकला. मी मॅडमना हे सांगितलं नव्हतं. त्यांना कसं कळलं कोण जाणे, दुसऱ्या वेळी त्यांनीच तिकिटाचे पैसे आधी पाठवले. पाठवले म्हणजे स्वतःचे.

दुसऱ्या बिलावर दिल्लीच्या लेखा विभागातून शंका आली: 'तिकीट अर्ध्या दराचे आहे. प्रवासी बालक आहे काय?' महाराष्ट्रात मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे मी शासन निर्णयाची प्रत जोडून कळवलं. त्यावर उत्तर आलं, की मग मूळ दर आणि सवलत दाखवणारं आगारप्रमुखांचं पत्र आणा. मी सीबीएसला, नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, गेले. खिडकीतल्या काकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "ताई, किती रुपयांचा प्रश्न आहे?" मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "एवढ्यासाठी दिल्लीहून पत्र आलं?"

तर ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी करा. मॅडमसारखं कुणी वाट्याला येईल याची खात्री नाही, आमच्यातल्या दोघांचे मार्गदर्शक नऊ महिन्यांत एकदाच बोलले. पण माझे पंचाहत्तर हजार मंजूर झालेत, एथिक्सचं पत्र हातात आहे, आणि दिवाळीनंतर पहिली मुलाखत आहे. वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवलीय, टोळी सुटल्यावर.

एक नक्की करा. एसटीचं तिकीट मशीनमधून निघाल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढा. त्याची शाई उडते. माझं तिसऱ्या कार्यशाळेचं बिल गेल्या आठवड्यात परत आलंय, शेरा आहे 'जोडलेला कागद कोरा आहे'.